खलबत

मिरजेच्या वाचनालयातली मागची खोली,
आम्ही दोघंच, आणि पंखा,
फिरणारा, वारा न देणारा.
मी सहज विचारलं होतं.
सहज, असं मी म्हणतो.

पोरीच्या पुस्तकात आला होता शब्द, खलबत.
ती म्हणाली, बाबा, खल म्हणजे दुष्ट ना,
मग दुष्टांची बात ती खलबत.
तिच्या आईनं आतून, आलं ठेचता ठेचता:
खलबत्त्यात काय कुटलं जातंय ते बाहेरून दिसतं का?
त्यावरून असेल.
मला दोन्ही पटलं होतं.

गैबीसाहेब मुतवल्ली हसले. दात तीन, त्यातला एक हलता.
चाळीस वर्षं या टेबलाशी बसून
त्यांनी फारसी कागद लावले,
इनामाचे, वतनाचे, विहिरीतल्या चौथ्या हिश्श्याचे,
वाळवीनं खाल्लेल्या ओळींतून
कुणाकुणाचे खापरपणजोबा काढून दिले.
म्हणाले, दोन्ही चूक, पण आईचं जरा कमी चूक.
मूळ शब्द खलवत.
अरबांकडून फारसीत, फारसीतून आपल्याकडं.
खलवत म्हणजे एकांत.

माणूस दार लावून घेतो.
आत चटई, पाण्याचा तांब्या, दिवा असला तर दिवा.
चाळीस दिवस.
कुणाविरुद्ध नाही.
एवढाच अर्थ होता, घरातनं निघाला तेव्हा.

मग?

मग दरबारात चाकरीला लागला.
राजांनाही एकांत लागतोच की.
खलबतखाना बांधला, भिंती हातभर रुंद,
आणि आत दुसऱ्याला बोलावलं.
बस्स.
दुसरा आत आला की
उंबऱ्याबाहेर तिसरा तयार होतो,
ज्याच्याबद्दल बोलायचं तो.

आणि ओठ बघा, म्हणाले,
तोंड जवळ आणलं, लवंगेचा वास आला.
व म्हणताना फट राहते, हवा जाते-येते.
आता ब म्हणा.
मी ब म्हणालो.
मिटले ना?
कडी तिथं लागली. अरबस्तानात नाही,
इथं, आपल्या तोंडात.

खिडकीबाहेर सतारीचे भोपळे वाळत होते,
एक पोरगा पेराने टकटक करत
कुठला बोलेल ते बघत होता.
मी त्याच्याकडंच बघत राहिलो.

मंगळवारी याच खोलीत
पायगोंडा मगदूम, चिटणीस, भरमू चौगुले,
आणि इतिवृत्त लिहायला मी.
आधी सगळ्यांनी गैबीसाहेबांचं कौतुक केलं.
मगदूम तर म्हणाले, आमच्या मळ्याचा कागद त्यांनीच लावला,
नाहीतर आम्ही रस्त्यावर होतो.
मग खोली अभ्यासिकेला.
मानधन मार्चअखेर बंद.
जुने कागद कुठं ठेवायचे ते नंतर बघू.
आवाज कुणी खाली आणला नाही,
दारही, मला वाटतं, नुसतं लोटलेलं होतं.
मी वळणदार अक्षरात लिहिलं, सर्वानुमते.
आमच्या वहीत त्याला तेवढाच एक शब्द आहे.
चहा चुकून पाच आले.
पाचव्यावर बशी झाकून ठेवली,
निघेपर्यंत साय धरली होती.

गैबीसाहेबांनी भिंग रुमालात गुंडाळलं.
उठताना टेबलाला धरलं, नेहमीसारखं.
दाराशी चपलेत पाय शोधत म्हणाले,
त्या चहावाल्या पोरानं
मंगळवारचा पाचवा कप माझ्या नावावर मांडलाय.
देऊन टाकतो जाता जाता.
गरिबाचा हिशेब कशाला अडकवा?

मी काहीतरी म्हणालो असेन.

बसताय अजून?
हो, थोडा वेळ.
बसा, म्हणाले,
आणि बाहेरून दार ओढून घेतलं,
आवाज होऊ नये इतकं हळू.

पंखा, टेबल, मी.
कुणाविरुद्ध नाही.
व म्हणून पाहिला.
दोनदा ब आला.